खालचं गाणं डोक्यात ठेवून ऐकायचा ली कोनिट्झ: १९४९ ते १९५४

अमेरिकन जॅझमधला आल्टो सॅक्सोफोनवादक ली कोनिट्झ याचं नाव निघालं की 'कूल' हा शब्द मागोमाग येतो आणि ऐकण्यातली गडबड तिथेच सुरू होते. कूल म्हणजे हळुवार, संध्याकाळी मागे लावून ठेवायचं संगीत, अशा समजुतीनं कोणी १९४९ चं 'सबकॉन्शस-ली' लावलं तर काय चाललंय ते उमगायच्या आत तबकडी संपते. कानाला काही टोचलेलं नसतं आणि हातीही काही लागलेलं नसतं. आल्टो सॅक्सोफोनचा आवाज या मुद्रिकांत हलका आहे हे खरं, पण त्या हलक्या आवाजातून जाणारी वाक्यं त्या काळातल्या कुठल्याही जॅझइतकी दाट आहेत. तो दाटपणा ऐकू यायला एक गोष्ट लागते. ज्या जुन्या गाण्याच्या सांगाड्यावर ही वाक्यं उभी आहेत, ते गाणं ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्याच वेळी चालू असलं पाहिजे. ते कसं करायचं आणि कुठे पाय घसरतो, हे इथे लिहितो आहे. सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांसाठीही मधे मधे काही आहे.

कोनिट्झचा जन्म १३ ऑक्टोबर १९२७ चा, शिकागोचा. आधी क्लॅरिनेट, मग टेनर सॅक्सोफोन, मग आल्टो. शिकागोतच त्याला पियानिस्ट लेनी ट्रिस्टानो गुरू म्हणून भेटला. ट्रिस्टानो अंध होता आणि शिकवण्याच्या बाबतीत अतिशय कडक. १९४७ मध्ये कोनिट्झ क्लॉड थॉर्नहिलच्या मोठ्या वाद्यवृंदात गेला. तिथे गिल एव्हान्सच्या रचना वाजत. मग न्यू यॉर्क. ११ जानेवारी १९४९ रोजी ट्रिस्टानोच्या क्विंटेटचं जे ध्वनिमुद्रण झालं ते बॉब वाइनस्टॉकच्या 'न्यू जॅझ' या लेबलचं पहिलंच. याच कंपनीचं पुढे 'प्रेस्टिज' झालं. पियानोवर ट्रिस्टानो, गिटारवर बिली बाउअर, बेसवर आर्नल्ड फिशकिन, ड्रमवर शेली मॅन आणि आल्टोवर २१ वर्षांचा कोनिट्झ. बरोबर दहा दिवसांनी, २१ जानेवारीला, तो माइल्स डेव्हिसच्या नऊ जणांच्या संचात कॅपिटल कंपनीसाठी वाजवत होता. त्या नोनेटच्या मुद्रिका पुढे 'बर्थ ऑफ द कूल' नावानं एकत्र निघाल्या आणि ते विशेषण कोनिट्झला कायमचं चिकटलं. माझ्या मते त्याचं खरं काम लहान संचांतच आहे. नोनेटमध्ये तो नऊ रंगांपैकी एक रंग आहे, क्विंटेटमध्ये त्याच्या वाक्याला सुरुवात, वळण आणि शेवट मिळतो.

आधी तबकडीचं गणित समजून घ्यावं, कारण या संगीताचा आकारच त्यातून आलेला आहे. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. गाणं ३२ बारांचं, प्रत्येक बार ४ मात्रांचा, म्हणजे एका आवर्तनाला १२८ मात्रा. लय मिनिटाला २२० धरली तर एक आवर्तन ३५ सेकंदांत संपतं. तीन मिनिटांत अशी पाचच आवर्तनं बसतात. त्यातली दोन सुरुवातीची आणि शेवटची धून खाते. उरली तीन, आणि त्यात आल्टो, गिटार आणि पियानो यांना बोलायचं. त्यामुळे इथे कोणी रमत-गमत सुरुवात करत नाही; सोलोचं पहिलंच वाक्य पूर्ण शुद्धीत येतं. आलापातून हळूहळू बढत ऐकायची सवय असलेल्या कानाला सुरुवातीला हे घाईचं वाटतं. उपाय साधा आहे: एकाच बैठकीत एकच तबकडी चार-पाच वेळा ऐकायची आणि दर वेळी एकच वाद्य धरायचं. पहिल्यांदा बेस, मग गिटार, मग पियानो, आणि आल्टो सगळ्यात शेवटी. बहुतेक जण आल्टोपासून सुरुवात करतात आणि मग तो कशावर झुकून बोलतोय ते त्यांना दिसतच नाही.

आता 'सबकॉन्शस-ली'. धून कोनिट्झची, पण खालचा स्वरसंगतींचा सांगाडा कोल पोर्टरच्या 'व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह' या गाण्याचा. जुन्या गाण्याच्या स्वरसंगतींवर, म्हणजे कॉर्डवर, नवी, वेगवान, गुंतागुंतीची धून बांधायची ही पद्धत बीबॉपवाल्यांची, म्हणजे १९४० च्या दशकातल्या वेगवान जॅझ शैलीच्या वादकांचीच. ट्रिस्टानोच्या शिष्यांनी त्या धुनी आणखी लांबवल्या आणि त्यांच्या वाक्यांचे सांधे अनपेक्षित जागी ठेवले. आधी पोर्टरचं गाणं एखाद्या गायिकेच्या आवाजात ऐकून पाठ करा. शब्दांसकट पाठ झालं तर उत्तम, कारण शब्द असले की जागा हरवत नाही.

या गाण्याचा सांगाडा आठ-आठ बारांच्या चार भागांचा आहे: ए, ए, बी, ए. ए भाग असा चालतो: एक बार जी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, एक बार सी सेव्हन, दोन बार एफ मायनर, मग एक बार डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, एक बार जी सेव्हन, आणि शेवटचे दोन बार सी मेजर. आल्टोसाठी स्वर ऐकू येतात त्याहून वर लिहितात, म्हणून आल्टोवाल्याच्या कागदावर सगळं सहाव्या स्वरानं वर सरकतं, म्हणजे ई मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, ए सेव्हन, डी मायनर. बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, ई सेव्हन, ए मेजर.

सरगममधून विचार करणाऱ्यांना हे फार लवकर हाती लागतं. सी हा षड्ज धरा. पहिल्या चार बारांत कोमल रे आणि कोमल नी येतात आणि वाट मध्यमावर जाऊन टेकते, कोमल ध सोबत घेऊन. पुढच्या चारांत रे शुद्ध होतो, नी शुद्ध होतो, कोमल ध मात्र सुरुवातीला तसाच राहतो आणि अगदी शेवटी षड्जावर शुद्ध गांधारासह घर मिळतं. म्हणजे दर आठ बारांत रे आणि नी आपली जागा बदलतात. कोनिट्झच्या वाक्यात हा बदल कुठल्या क्षणी होतो ते पकडणं हा ऐकण्यातला पहिला खरा टप्पा. अनेकदा तो बदल बारच्या रेषेवर होत नाही. आधीच्या बारच्या शेवटच्या अर्ध्या मात्रेतच पुढचा स्वर लागलेला असतो, किंवा उलट जुना स्वर रेषा ओलांडून पुढे ओढलेला असतो.

बी भागात, म्हणजे ब्रिजमध्ये, सी मायनर, एफ सेव्हन, बी-फ्लॅट अशी वाट येते: गांधार कोमल, धैवत शुद्ध, आणि मुक्काम कोमल निषादावर. मग दोन बार ए-फ्लॅट सेव्हन. इथे तीव्र मध्यम झळकतो. त्यानंतर जी सेव्हनवरून परत ए भागात. ए भाग मध्यमाकडे ओढतो आणि ब्रिज कोमल निषादाकडे. या दोन ओढी वेगळ्या ऐकू यायला लागल्या की अर्धी लढाई जिंकली.

जागा हरवते ती दोन ठिकाणी, आणि दोन्हींची कारणं सांगाड्यातच आहेत. पहिलं कारण: हे गाणं घरी सुरू होत नाही. सातव्या बारापर्यंत षड्ज येत नाही, त्यामुळे नवख्या कानाला एफ मायनरच घर वाटतं आणि खरं घर आलं की तो नव्या भागाची सुरुवात समजतो. तिथून पुढे सगळं दोन बारांनी चुकत जातं. दुसरं कारण: ए-ए-बी-ए संपून पुन्हा ए-ए-बी-ए सुरू झालं की तीन ए भाग लागोपाठ येतात. तिन्ही सारखेच, मग आवर्तन नेमकं कुठे बदललं? खुणेचा दगड एकच आहे, तो म्हणजे ब्रिज. म्हणून आवर्तनं मोजताना समेपासून मोजण्याऐवजी ब्रिज मोजा. ब्रिज संपला की एक ए, मग नवं आवर्तन, त्यातले दोन ए, आणि पुन्हा ब्रिज. वाजवणारे इतक्या सहजतेनं ही सीमा ओलांडतात की मोजल्याशिवाय ती कळत नाही. त्यांचा हेतूही तोच आहे.

मेट्रोनोमबरोबर सराव करायचा तर २२० च्या लयीला तो २२० वर लावू नका. ११० वर लावा आणि त्याचा टोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो असं धरा. सुरुवातीला टोला आपोआप पहिल्या मात्रेवर सरकेल. सरकला की थांबा, 'एक' तोंडानं म्हणा, टोल्यावर 'दोन' म्हणा, आणि पुन्हा सुरू करा. यावर पोर्टरचं गाणं न चुकता तीन आवर्तनं गाता आलं की मगच मुद्रिकेकडे वळा. गाणं मनात म्हणत राहायचं आणि कानानं आल्टो ऐकायचा. पहिल्या काही वेळा दोन्हींपैकी एक गळून पडतं. बहुतेकांचं गाणंच गळतं, कारण आल्टो जास्त आकर्षक आहे. मुद्दाम उलटं करा: आल्टो चुकला तरी चालेल, गाणं सुटता कामा नये.

कोनिट्झच्या वाक्यातली गरमी स्वराच्या आवाजात शोधली तर सापडत नाही. ती जोराच्या जागांत आहे. चार मात्रांच्या बारमध्ये अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे आठ स्वर बसतात. दर तिसऱ्या स्वरावर किंचित जोर दिला तर जोराचं चक्र आणि बारचं चक्र एकमेकांपासून सुटतं आणि तीन बारांनी, म्हणजे २४ स्वरांनंतर, पुन्हा जुळतं. कोनिट्झ हे हिशेबी पद्धतीनं शेवटपर्यंत नेत नाही. दीड-दोन बार नेतो, मग जोराची जागा पुन्हा बदलतो, मधेच तीन स्वरांचा एक तिपटीतला तुकडा टाकतो. हा जोर जिभेचा नाही, श्वासाचा आहे, म्हणून तो ठळक ऐकू येत नाही. खालून ड्रमर सरळ, न अडखळता लय धरून असतो. ट्रिस्टानोला तेच हवं असे: ताल सपाट आणि स्थिर ठेवा, गुंतागुंत धुनीत राहू द्या. आजच्या कानाला हे ड्रमवादन फारच साधं वाटेल. पण त्याच मुद्रिकांत ड्रमर सतत मधे बोलत असता तर आल्टोची वाक्यं तुटली असती.

ही वाक्यं कुठून आली? टेनरवादक लेस्टर यंगकडून, हे सगळ्यात आधी. ट्रिस्टानो विद्यार्थ्यांना यंग, लुई आर्मस्ट्राँग, चार्ली पार्कर यांचे सोलो मुद्रिकेवरून गायला लावत असे. आधी लिहायचे नाहीत, वाद्यावर वाजवायचे नाहीत. मुद्रिकेसोबत गायचे, मग मुद्रिकेशिवाय गायचे, आणि त्यानंतरच वाद्य हातात. या क्रमामागे साधं कारण आहे. वाद्यावर आधी शोधलं तर बोटांना सवयीच्या जागा सापडतात आणि स्वर बरोबर असूनही वजन चुकतं. गाताना वजन आपोआप येतं. आज वेग कमी करून ऐकवणारी साधनं फुकट मिळतात. ती वापरावीत, पण ६०-७० टक्क्यांच्या खाली जाऊ नये. निम्म्या वेगावर दोन स्वरांमधलं लहान-मोठं अंतर बदलल्यासारखं वाटतं, आणि तसं पाठ झालेलं पुढे पूर्ण वेगात नेताना झोल राहतो. एका वेळी चार बार पुरेत.

त्या काळात बहुतेक तरुण आल्टोवादक पार्करच्या छायेत होते. त्याचा भरलेला, धारदार आवाज, ब्लूजचे हुंकार, सगळं उचललं जात होतं. कोनिट्झनं पार्कर पूर्ण ऐकला होता, पण आवाज वेगळा ठेवला: कंप अगदी थोडा, लांब स्वर जवळजवळ सरळ, आणि सुरुवातीला जिभेचा फटका नाही. हा आवाज काढायला निघालेले वादक ठरावीक चूक करतात. हलकं वाजवायचं म्हणून ते जबडा आवळतात. आवळलं की रीड कमी थरथरते, आवाज बारीक होतो आणि सूर चढतो. हलकेपणा ओठातून येत नाही, पोटातून येणारी हवा एकसारखी ठेवून खालचा ओठ सैल सोडल्यानं येतो. तपासायला नुसता माउथपीस फुंकून बघा. आल्टोचा माउथपीस शास्त्रीय पद्धतीच्या वादकाकडून ८८० हर्ट्झचा ए देतो. जॅझवाल्यांचा सहसा त्याहून एक-दोन स्वर खाली असतो. तुमचा ए च्याही वर जात असेल तर तुम्ही आवळता आहात. मग रोज दहा मिनिटं मधल्या सप्तकातले लांब स्वर, कंपाशिवाय, आवाज न वाढवता न घटवता. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

१९४९ च्या जूनमध्ये कोनिट्झच्या नावावर टेनरवादक वॉर्न मार्शबरोबर 'मार्शमॅलो' आणि 'फिशिन अराउंड' निघालं. पियानोवर सॅल मॉस्का, बेसवर फिशकिन, ड्रमवर डेन्झिल बेस्ट. 'मार्शमॅलो' म्हणजे खाली 'चेरोकी'. ते ६४ बारांचं. २४० च्या लयीत एका आवर्तनाला ६४ सेकंद लागतात, म्हणजे तबकडीच्या एका बाजूला तीन आवर्तनंही पुरती बसत नाहीत. शिवाय 'चेरोकी'चा ब्रिज कुप्रसिद्ध आहे. बी-फ्लॅटमधलं गाणं ब्रिजला बी मेजरकडे उडी मारतं, मग चार-चार बारांनी एकेक पूर्ण स्वर खाली: ए, मग जी. आल्टोवाल्याच्या कागदावर हे जी-शार्प, एफ-शार्प आणि ई मेजर होतं, म्हणजे शार्पांचा डोंगर. बहुतेक जण इथे पाठ केलेले तुकडे लावून वेळ मारून नेतात, तेव्हा हे दोघं इथे काय करतात ते मुद्दाम ऐका.

कोनिट्झ-मार्श जोडी एकच धून एकत्र वाजवते तेव्हा दोन सॅक्सोफोन एकाच वाद्यासारखे वाटतात, याचं एक कारण शुद्ध यांत्रिक आहे. समजा धून मधल्या षड्जाच्या वरच्या सी पर्यंत गेली. आल्टोच्या कागदावर तो ए आहे, वाद्याच्या आरामाच्या भागात. टेनरच्या कागदावर तोच स्वर वरचा डी होतो, जिथून डाव्या तळहातानं दाबायच्या चाव्या सुरू होतात. म्हणजे टेनर आपल्या सर्वांत उंच, पातळ भागात आणि आल्टो मधल्या भागात. दोघांचा रंग आपोआप जवळ येतो. मार्शनं हा उंच भाग दमदार करण्याऐवजी तसाच पातळ ठेवला. घरी दोघं मिळून हे करून बघणार असाल तर टेनरवाल्यानं आधी एकट्यानं वरच्या डी, ई-फ्लॅट, ई, एफ या चार स्वरांचा सूर यंत्रावर तपासावा, कारण हेच स्वर चढतात आणि मग आल्टोवाला उगाच आपला माउथपीस आत ढकलत बसतो.

कॅपिटलसाठी ट्रिस्टानोच्या सेक्स्टेटनं त्याच वर्षी मार्च आणि मे मध्ये मुद्रणं केली. कोनिट्झ, मार्श, बाउअर, फिशकिन आणि मार्चला हॅरॉल्ड ग्रनॉव्स्की, मे मध्ये डेन्झिल बेस्ट. 'वाव', 'क्रॉसकरंट', बाउअरचं 'मॅरिओनेट', कोनिट्झचं 'सॅक्स ऑफ अ काइंड'. शेवटचं 'फाइन अँड डँडी'वर आहे आणि दोन सॅक्सोफोनांची जोडधून ऐकायची तर इथून सुरुवात करावी असं मी म्हणेन.

१६ मे १९४९ च्या त्याच बैठकीत 'इंट्यूशन' आणि 'डायग्रेशन' ही दोन मुद्रणं झाली. आधी ठरलेली धून नाही, स्वरसंगती नाही, लय नाही, ड्रमही नाही. ठरला होता तो फक्त एकामागून एक आत यायचा क्रम. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' या तबकडीच्या तब्बल अकरा वर्षं आधी. कंपनीला याचं काय करावं ते कळेना; 'डायग्रेशन' तर १९५४ पर्यंत बाहेर आलंच नाही. ऐकताना लोक इथे पुन्हा सांगाडा शोधतात आणि वैतागतात. शोधू नका. आत येणारा प्रत्येक जण आधीच्याच्या शेवटच्या दोन-चार स्वरांतून काय उचलतो तेवढं बघा. कोनिट्झ आत येतो तेव्हा त्याचं वाक्य 'सबकॉन्शस-ली'मधल्या वाक्यांपेक्षा लांब आणि स्थिर आहे. कॉर्ड गाठायची घाई नसली की तो कसा विचार करतो, ते इथे उघडं दिसतं.

१९५० च्या एप्रिलमध्ये मॉस्का, बाउअर, फिशकिन आणि ड्रमवर जेफ मॉर्टन यांच्यासह 'यू गो टू माय हेड', 'पालो आल्टो', 'आइसक्रीम कोनिट्झ' आणि 'रेबेका' झालं. 'रेबेका' केवळ आल्टो आणि गिटार. पुढच्या वर्षी मार्चमध्ये याच दोघांनी 'इंडियन समर' केलं. बाउअर इथे फक्त साथ देत नाही. तो आल्टोच्या वाक्याखाली दुसरं वाक्य चालवतो आणि जिथे दोघांचे स्वर घासतात तिथून पळत नाही. ड्रम-बेस नसल्यामुळे आल्टोचा श्वास, चावीचा आवाज, स्वर सोडतानाचा कडा, सगळं ऐकू येतं. कोनिट्झचा आवाज शिकायचा असेल तर या दोन मुद्रिका पुरे आहेत.

८ मार्च १९५१ च्या बैठकीत माइल्स डेव्हिस कोनिट्झच्या संचात ट्रंपेट वाजवायला आला. मॉस्का, बाउअर, फिशकिन आणि ड्रमवर मॅक्स रोच. जॉर्ज रसेलची 'ओजेनार' आणि 'एझ-थेटिक', कोनिट्झचं 'हाय बेक' आणि जुनं 'यस्टरडेज'. 'एझ-थेटिक' हे 'लव्ह फॉर सेल'च्या सांगाड्यावर आहे आणि त्याचं नाव मुष्टियोद्धा एझर्ड चार्ल्सवरून. 'हाय बेक'च्या खाली 'पेनीज फ्रॉम हेवन'. या चार बाजू अनेकदा माइल्सच्या नावाच्या संग्रहांत सापडतात, म्हणून कोनिट्झच्या यादीत शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. रोचमुळे ताल जास्त बोलका आहे आणि कोनिट्झ त्यानं बिचकत नाही. आधीच्या मुद्रिका फार 'अभ्यासी' वाटणाऱ्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

१९५२ मध्ये तो स्टॅन केंटनच्या वाद्यवृंदात गेला. पितळी वाद्यांच्या त्या भिंतीपुढे ऐकू यायचं तर आवाज वाढवणं भाग होतं, आणि फरक लगेच दिसतो. १९५३ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या 'हेग' क्लबात बॅरिटोन सॅक्सोफोनवादक जेरी मलिगन आणि ट्रंपेटवादक चेट बेकर यांच्या पियानो नसलेल्या क्वार्टेटबरोबर तो वाजला: बेस कार्सन स्मिथ, ड्रम लॅरी बंकर. 'लव्हर मॅन' बहुतांशी त्याचंच आहे. 'टू मार्व्हलस फॉर वर्ड्स' तर नीट बाजूला काढून ठेवा, कारण १९४९ चं 'साउंड-ली' याच गाण्यावर बांधलेलं आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले की चार वर्षांतला बदल हाताला लागतो: १९४९ मध्ये मूळ गाणं पूर्ण झाकलेलं, १९५३ मध्ये ते उघड समोर आणि सोलो त्याच्याशी बोलतोय. पियानो नसल्यामुळे कॉर्ड कोणी वाजवून दाखवत नाही. बेस आणि दोन वाद्यांच्या मागच्या स्वरांवरूनच सांगाडा ओळखावा लागतो. गाणं आधी पाठ करण्याचा फायदा इथे सगळ्यात जास्त होतो.

मुद्रिका मिळवण्याबद्दल थोडं. 'सबकॉन्शस-ली' या नावाचा प्रेस्टिजचा एलपी (क्रमांक ७००४) एका बैठकीचा नाही, १९४९-५० च्या वेगवेगळ्या बैठकींचा संग्रह आहे. त्यामुळे ड्रमर बदलतात, आवाजाचा पोत बदलतो, आणि मधेच मार्श येतो-जातो. कोण कुठे आहे ते आधी बघून ऐका. मूळ ७८ ची तबकडी वाजवणार असाल तर एलपीची सुई वापरू नका: ७८ च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीचं टोक २५ मायक्रॉनच्या आसपास असतं. बारीक सुई खाचेच्या तळाला बसते आणि धुळीचाच आवाज देते. मोनो एलपी स्टिरिओ सुईनं वाजवताना दोन्ही बाजू एकत्र करा. मोनोची खाच फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीतून येणारी खरखर त्यानं बरीच कमी होते.

डिजिटल प्रतींत वेग चुकलेला आढळतो. 'सबकॉन्शस-ली' सी मध्ये आहे. पियानोशी किंवा सुरयंत्राशी लावून बघा. अर्धा स्वर म्हणजे वेगात जवळपास सहा टक्के फरक, पाव स्वर म्हणजे तीन टक्के. जुळवताना आल्टोवरून जुळवू नका, पियानोवरून जुळवा. कोनिट्झचा सूर अनेकदा किंचित चढा लागतो. तो त्याच्या आवाजाचाच भाग आहे. आल्टो बरोबर केला की बाकी सगळं उतरून बसतं.

शेवटी १९५४ च्या जानेवारीतली बॉस्टनच्या 'स्टोरीव्हिल' क्लबातली मैफल. पियानो रॉनी बॉल, बेस पर्सी हीथ, ड्रम अल लेव्हिट. दुसरा सॅक्सोफोन नाही, गिटार नाही, आणि तीन मिनिटांचं बंधनही नाही. 'हाय बेक', 'सबकॉन्शस-ली', 'साउंड-ली' इथे पुन्हा आहेत. १९४९ ची आणि ही अशी जोडी लावून ऐकणं हा या सगळ्या काळाचा सर्वांत उपयोगी अभ्यास आहे. जागा मिळाल्यावर कोनिट्झ जास्त स्वर घालत नाही. तो थांबतो, एखाद्या वाक्याचं शेपूट घेऊन पुढच्या आवर्तनात जातो, धुनीचा तुकडा मधेच परत आणतो. पुढे शिकवताना त्यानं गाण्याच्या दहा पायऱ्या सांगितल्या, पहिली पायरी धून जशीच्या तशी आणि दहावी पूर्ण नवी रचना. त्यातल्या मधल्या पायऱ्या या मैफलीत स्पष्ट ऐकू येतात. घरी करायचं असेल तर एका गाण्याची एकच पायरी एका दिवशी घ्या: धून साधी, दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यात एकच स्वर जास्त, तिसऱ्या दिवशी लय तीच पण दोन स्वर बदललेले. लोक थेट सातव्या पायरीवर उडी मारतात आणि मग त्यांच्या सोलोत मूळ गाण्याचा मागमूस राहत नाही.

याच मैफलीतलं 'अब्ल्यूशन' ही ट्रिस्टानोची धून, 'ऑल द थिंग्ज यू आर'वर. ते ३२ बारांचं नाही, ३६ चं: तीन भाग आठ-आठ बारांचे आणि शेवटचा बारा बारांचा. ३२ ची सवय लागलेला कान शेवटच्या भागात चार बार आधीच नवं आवर्तन सुरू करतो आणि पुढे सगळं सरकतं. इथेही ब्रिज पकडा आणि तो संपल्यावर बारा बार बोटांवर मोजा.